जॉबवर्क सॉफ्टवेअरची विकी: लिहायची कोणी आणि लावायची कशी?

उद्यमबाग_लेथ:
नमस्कार मंडळी. इथल्या काही जणांना माहीत आहे, आम्ही चार-पाच जण नोकरी सांभाळून एक सॉफ्टवेअर करतोय, बेळगावातल्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या लहान मशीनशॉपसाठी, जे जॉबवर्क करतात, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम. मुक्त परवाना आहे, कुणीही घ्यावं, वापरावं. काम साधंच, फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) आलं की आवक, मग मशिनिंग, रिजेक्शन किती, परत जाताना चलन (मालाबरोबर जाणारा कागद), महिन्याचं बिल. कोड गिटलॅबवर (कोड ठेवायची साइट) आहे, सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चालतंय, पण ते वापरायचं कसं हे कुठंही लिहिलेलं नाही. जे आहे ते आमच्या डोक्यात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर. नवा माणूस ग्रुपवर विचारतो, कोणीतरी उत्तर देतं, आणि थोड्या दिवसांनी दुसरा नवा माणूस येऊन तेच विचारतो.

म्हणून आता एका स्वस्त सर्व्हरवर मीडियाविकी चढवलीय, विकिपीडिया चालतो तेच सॉफ्टवेअर. मुखपृष्ठावर 'स्वागत आहे' एवढं लिहून झालंय आणि त्यापुढं सगळेच थांबलेत, प्रत्येकाला वाटतंय दुसरा सुरुवात करेल. तर ज्यांनी असलं काम केलंय त्यांना विचारायचंय, पानं लावायची कशी, लिहायला बसवायचं कोणाला, आणि मुळात विकी हा मार्ग बरोबर आहे का, की हे सगळं कोडबरोबरच ठेवलेलं बरं. भाषेचाही घोळ आहे, तो तुम्ही काढणारच.

अनगोळचा_अण्णा:
काय गा, सॉफ्टवेअर फुकट, विकी फुकट, आता लिहिणारे पण फुकटच पाहिजेत व्हय. चहा तरी तुझ्याकडून असूदे.

गिटवाला:
विकी नको, सरळ सांगतो. डॉक्युमेंटेशन कोडच्या रेपोतच, म्हणजे कोड ठेवतो त्याच जागी, मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांचा टेक्स्ट) ठेवा. फायदा असा की ज्यानं चलनाचा फॉर्म बदलला त्यानंच त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) चलनाचं पानही बदलायचं, नाही बदललं तर मर्ज करायचं नाही, विषय संपला. विकीत हे जमत नाही. कोड एकीकडं पुढं जातो, विकी दुसरीकडं झोपते. दुसरं म्हणजे आवृत्ती. कोणाकडं अजून जुनी आवृत्ती चालू असेल तर त्याला त्या आवृत्तीचंच डॉक्युमेंट पाहिजे, रेपोत ते आपोआप मिळतं कारण आवृत्तीवर लावलेल्या टॅगसोबत पानंही राहतात. विकीला पानाचा इतिहास माहीत असतो पण तो कुठल्या रिलीजचा हे माहीत नसतं.

ब्लेंडरचं मॅन्युअल बघा, आधी विकीवरच होतं, नंतर उचलून साध्या टेक्स्ट फायलींत आणलं, स्फिंक्स नावाच्या साधनानं पानं बनवतात. लिनक्स कर्नेलवाल्यांनीही २०१६ पासून स्फिंक्सच धरलं. मोठी माणसं उगाच करत नसतात.

कॅम्प_कट्टा:
गिटलॅब, गिटहबला आत विकी असतेच की. वेगळा सर्व्हर कशाला?

खानापूरची_पोर:
@कॅम्प_कट्टा असते, पण ती विकी म्हणजे कोडपासून वेगळं असं एक गिट रेपोच असतं. गिटहबवर तर विकीला पुल रिक्वेस्टच (तिथली मर्ज रिक्वेस्ट) पाठवता येत नाही, एडिटची परवानगी असेल तर थेट बदला, नसेल तर बसा. शिवाय कमी स्टार (लोकांनी दिलेली पसंती) असलेल्या प्रोजेक्टची गिटहब विकी ते सर्च इंजिनला दाखवतच नाहीत, ५०० स्टार पाहिजेत आणि बाहेरच्यांना एडिट बंद पाहिजे. आमच्या बेळगावच्या प्रोजेक्टला ५०० स्टार कोण देणार, अण्णा?

@गिटवाला तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त एक विसरलात. ज्याला माहिती आहे त्याला गिट येत नाही. चलन चुकलं तर काय करायचं हे डेव्हलपरला थोडंच माहीत असतं, ते माहीत असतं स्टोअरला बसलेल्या माणसाला. त्याला तुम्ही सांगणार की आधी क्लोन कर, ब्रँच काढ, कमिट कर, मग मर्ज रिक्वेस्ट टाक? तो माणूस हसून परत व्हॉट्सॲपवर जाईल. विकीत 'संपादन' दाबलं की झालं. आर्च लिनक्सची विकी बघा, दुसरी लिनक्स वापरणारेसुद्धा अडले की तिथंच जातात, आणि ती वापरणाऱ्यांनीच लिहिलीय.

अनगोळचा_अण्णा:
स्टार मी देतो. एक झाला. उरलेले ४९९ गणपत गल्लीत उभं राहून मागूया.

पॅटर्नशॉप:
जाता जाता, पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये काढली ती सॉफ्टवेअरचे पॅटर्न लिहून ठेवायला. म्हणजे मूळ काम आमच्या, कास्टिंगचे नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्यांचंच. लेथवाल्यांनी आमच्याकडून परवानगी घ्यावी.

उद्यमबाग_लेथ:
@पॅटर्नशॉप परवानगी द्या आणि दोन पानंही लिहून द्या.

निपाणीकर:
मी तंबाखूच्या पट्ट्यातला, फौंड्रीशी संबंध नाही, पण अशाच एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या विकीवर बरीच वर्षं होतो म्हणून सांगतो. पानं कमी असली तर फार बिघडत नाही. खरी आग लागते ती खोट्या झालेल्या पानांनी. ज्या पानाला मालक नाही ते गल्लीतल्या सार्वजनिक नळासारखं, पाणी सगळ्यांना पाहिजे, गळती दिसते सगळ्यांना, प्लंबरला फोन कोणी करत नाही.

उदाहरण तुमच्याच धंद्यातलं देतो. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटीतला आयटीसी-०४ फॉर्म. आधी तो दर तीन महिन्यांनी भरायचा होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून बदललं, ज्यांची वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर त्यांनी सहा महिन्यांनी, बाकीच्यांनी वर्षातून एकदा. आमच्या विकीवरचं पान नंतरही 'दर तिमाहीला' असंच सांगत होतं. पान नीट लिहिलेलं, छान चित्रं टाकलेली, म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. वाईट लिहिलेलं असतं तर कोणीतरी सीएला फोन केला असता.

त्यामुळं प्रत्येक पानाच्या वर दोनच गोष्टी ठेवा, हे पान कोण बघतं आणि शेवटचं तपासलं कधी. 'शेवटचा बदल' नव्हे, तो मीडियाविकी आपोआप दाखवते आणि त्याचा उपयोग नाही, कोणी स्वल्पविराम बदलला तरी तारीख बदलते. 'तपासलं' म्हणजे माणसानं वाचून अजून खरं आहे असं म्हटलं. कायद्याची पानं असतील तर त्यांना वेगळा वर्गच करा, दर बजेटनंतर ती सगळी एकदा वाचायची.

तिसरं_गेट:
निपाणीकरांचं पटलं. एक भर घालतो, आयटीसी-०४ भरतो माल पाठवणारा, जॉबवर्क करणारा नाही. पण आकडे आपल्या परतीच्या चलनावरूनच जातात, आणि आपलं चलन चुकलं की शिव्या आपल्यालाच. कच्चा माल १ वर्षात परत गेला पाहिजे, कॅपिटल गुड्स ३ वर्षांत, नाहीतर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात. जिग, फिक्श्चर, डाय यांना ती मुदत नाही. हे पान विकीवर पहिल्या दहात पाहिजे, माझ्या शॉपमध्ये जुनी कास्टिंगं कोपऱ्यात पडलेली बघून रोज आठवतं.

गिटवाला:
हे पान विकीवर असो की रेपोत, 'कोण बघतं' ही ओळ लिहिणारा माणूसच सोडून गेला तर? तिथंही तेच होणार ना. निदान रेपोत मर्ज कोणीतरी करतं.

निपाणीकर:
@गिटवाला होणार की. म्हणून त्या ओळीत माणूस सापडत नसेल तर पानावर वर पिवळी पट्टी लावायची, 'या पानाला सध्या कोणी नाही, जपून वापरा'. एक साचा करून ठेवला की झालं. वाचणाऱ्याला निदान कळतं की आपण कशावर उभे आहोत.

गोकाकचा_करदंट:
भाषेचं कोणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. तुमच्या शॉपमध्ये ऑपरेटर कोण आहेत? अर्धे आमच्या बाजूचे, गोकाक, बैलहोंगल, अथणी. कन्नड बोलतात, कन्नडच वाचतात. मराठीत बोलतील पण वाचताना अडतात. मी स्वतः हे वाचतोय कारण आमची आई निपाणीची. फक्त मराठीत लिहिणार असाल तर अर्ध्या शॉपला ते नाही.

कॅम्प_कट्टा:
इंग्लिशमध्ये लिहा, सगळेच अडतील, समानता.

तिसरं_गेट:
मुखपृष्ठ कुठल्या भाषेत यावर महाजन आयोग नेमा. अहवाल आला की एका बाजूला मान्य, दुसऱ्या बाजूला अमान्य, आणि मग आपण २००४ पासून सुप्रीम कोर्टात.

अनगोळचा_अण्णा:
😂😂 तोवर लेथ पण गंजतोय आणि वकील पण म्हातारा होतोय

उद्यमबाग_लेथ:
सीमाप्रश्न दुसऱ्या धाग्यावर घ्या रे, इथं हात जोडतो. करदंटचं म्हणणं अगदी खरं आहे. आमच्या शॉपमध्ये शिफ्ट बदलताना एकच वाक्य अर्धं मराठी अर्धं कन्नड असतं, कोणाला काही वाटत नाही. पण तीन भाषांत तीन विकी चालवायला माणसं कुठून आणू?

खानापूरची_पोर:
तीन विकी करूच नका. मीडियाविकीला ट्रान्सलेट नावाचं एक्स्टेन्शन आहे. एका भाषेत मूळ पान, ते परिच्छेदा-परिच्छेदानं तोडलं जातं, आणि भाषांतर करणारा एकेक परिच्छेद करतो. मूळ परिच्छेद बदलला की तेवढंच भाषांतर 'जुनं झालं' असं दिसायला लागतं, सगळं पान नाही. याच पद्धतीनं मीडियाविकीची स्वतःची मदतपानं कितीतरी भाषांत चालतात.

पण माझं मत असं की आधी भाषांतर करूच नका. मराठीत पान लिहिलं, ते दोन-तीन जणांनी वापरून बघितलं, दुरुस्त केलं, शांत झालं, की मग कन्नड. रोज बदलणाऱ्या पानाचं भाषांतर म्हणजे भाषांतर करणाऱ्याचा छळ. आणि कन्नडमध्ये आधी फक्त ऑपरेटरची पानं घ्या, सर्व्हर कसा चढवायचा ते पान कन्नडमध्ये नसलं तरी कोणाचं अडत नाही.

गोकाकचा_करदंट:
हे चालेल. ऑपरेटरची पानं मी कन्नडमध्ये करून देतो, पण मराठी पान साधं लिहा. 'प्रणालीमध्ये प्रविष्टी करावी' असलं लिहिलंत तर मी पळून जाणार.

स्टोअरवाली_वैनी:
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. मी एका मशीनशॉपमध्ये स्टोअर आणि बिलिंग दोन्ही बघते. तुमचं हे सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे, चांगलं आहे. पण तुम्ही सगळी मंडळी जे बोलालात ते ऐकून हसू आलं, कारण विकी कुठं ठेवायची, कुठल्या भाषेत, कोण बघणार, सगळं झालं, मी कधी वाचणार हे कोणी विचारलं नाही.

मी सांगते कधी वाचणार. सगळं सुरळीत चाललंय तेव्हा मी काहीही वाचणार नाही, मला वेळ नाही. मी वाचणार ते टेम्पो गेटवर उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि माझ्याकडून चलन दुसऱ्याच पार्टीच्या नावावर निघालंय तेव्हा. त्यावेळी मला 'चलन मॉड्यूलची ओळख' नको असते. मला फक्त पाहिजे की आता काय दाबू. तुमच्या एका मुलानं आम्हाला एक पीडीएफ दिली होती त्यात धडे मेनूप्रमाणे होते, मास्टर, ट्रान्झॅक्शन, रिपोर्ट असे. मला कसं माहीत असणार की माझी अडचण कुठल्या मेनूत आहे? ते माहीत असतं तर मी अडलेच नसते ना.

दुसरं. आमच्याकडं खरी भांडणं कशावर होतात ते बघा. कास्टिंग मशिनिंगला लावलं, वरचा थर गेला आणि आत ब्लोहोल (हवेचं छिद्र) निघाला. आता हे कास्टिंग रिजेक्शन, फौंड्रीच्या माथ्यावर. पण ऑपरेटरनं बोअर (भोक) मोठं केलं तर ते मशिनिंग रिजेक्शन, आमच्या माथ्यावर. ब्लोहोल दिसेपर्यंत आम्ही त्यावर मजुरी घातलेली असते, ती मागायची की नाही, मागायची तर कुठल्या नोंदीत. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीसाठी जागा आहे, पण कुठली कधी हे तिथं कोणीही सांगत नाही. नवीन मुलगी आली तर ती सगळं एकातच टाकते आणि महिनाअखेरीला फौंड्रीवाला फोन करून ओरडतो. हे एक पान लिहा, बाकीचं नाही लिहिलं तरी चालेल.

अनगोळचा_अण्णा:
वैनी, एक नंबर. 🙏

पॅटर्नशॉप:
सगळ्यांची बोलती बंद.

उद्यमबाग_लेथ:
वैनी, खरं सांगतो, हे सगळं आम्ही मेनूप्रमाणेच लावणार होतो, कागदावर आराखडा तयार होता. आता तो बाजूला ठेवतो. तुम्ही जे अडचणींचं सांगितलंत तशा अजून आठवतात तेवढ्या इथंच लिहाल का, जशा तुम्ही ग्रुपवर विचारता तशा भाषेत, शुद्ध करू नका.

स्टोअरवाली_वैनी:
लिहिते की. चलन चुकीच्या पार्टीला गेलं. वजन चलनावर एक आणि काट्यावर एक. एकाच पार्टनंबरचं कास्टिंग दोन फौंड्रीतून येतंय. लाईट गेली आणि प्रिंट अर्धी निघाली, आता नंबर वाया गेला की तोच परत काढायचा? जॉबवर्कला आलेला माल आपण पुढं प्लेटिंगला पाठवला. मागच्या महिन्यातलं रिजेक्शन या महिन्यात कळलं. आज एवढंच, बाकी टेम्पो आला की आठवेल.

गिटवाला:
वैनींचं मान्य. पण हे ऐकून मला असं वाटतंय की ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. एक 'अडलोय, काय करू'. दुसरं म्हणजे कुठल्या रकान्यात काय भरतात, बॅकअप कसा घ्यायचा, नवी आवृत्ती कशी चढवायची, रिपोर्टचा हिशेब आतमध्ये कसा होतो. पहिलं विकीवर असूदे, मी हट्ट सोडला. दुसरं मात्र रेपोतच पाहिजे, त्यात शॉपवाल्याच्या मताला जागा नाही, कोड जे करतो तेच खरं. डॅनिएल प्रोसिडा यांची डायटॅक्सिस म्हणून मांडणी आहे, त्यात डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार केलेत, शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. एका पानात दोन प्रकार मिसळले की दोघंही वाचणारे वैतागतात. वैनींची पीडीएफ म्हणजे संदर्भ होता, त्यांना पाहिजे होती कृती.

खानापूरची_पोर:
गिटवाला हट्ट सोडतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

जुना_विकीकर:
उशिरा आलो. मी मराठी विकिपीडियावर खूप आधीपासून आहे, ती २००३ मध्ये सुरू झाली, आणि सुरुवातीला तिथंही हाच प्रश्न होता, पानं नाहीत आणि लिहिणारे मूठभर. तिथून शिकलेलं सांगतो, तुमच्या कामाचं असेल ते घ्या.

कोरं पान समोर ठेवून 'लिहा' म्हटलं की कोणी लिहीत नाही. त्यापेक्षा वैनींनी दिलेली यादी आहे ना, ती जशीच्या तशी मुखपृष्ठावर टाका आणि प्रत्येक ओळीला दुवा करा. पान नसल्यामुळं सगळे दुवे लाल दिसतील, दिसूदेत. लाल दुवा बघून लोकांचे हात शिवशिवतात, हा मनुष्यस्वभाव. आणि जे पान लिहाल त्यातही पुढच्या अडचणींचे लाल दुवे टाकत चला. मीडियाविकीत विशेष पानांमध्ये 'हवी असलेली पाने' म्हणून यादी असते, कुठल्या न लिहिलेल्या पानाकडं सगळ्यात जास्त दुवे येतात ते ती दाखवते. पुढं काय लिहायचं यासाठी मीटिंग नको, ती यादी उघडा. तशीच 'अनाथ पाने' ही यादी, ज्यांच्याकडं कुठूनच दुवा येत नाही. पान लिहिलं आणि ते अनाथ असेल तर ते नसल्यात जमा.

नवीन माणसाला घाबरायला होतं की आपण काहीतरी मोडू. त्याला धूळपाटी दाखवा, म्हणजे वाटेल ते गिरवायचं पान, आणि इतिहासात जाऊन जुनी आवृत्ती परत कशी आणायची ते समोर बसून एकदा करून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर माणूस मोकळेपणानं लिहितो. वाद पानात घालू नका, प्रत्येक पानाला चर्चापान असतं तिथं घाला. ब्लोहोलची मजुरी मागायची की नाही यावर तुमच्यात एकमत नसणार, ते चर्चापानावर भांडा, पानावर ठरलेलं तेवढंच.

शोधाचं एक बघा. कोणी चलन लिहील, कोणी चलान, कोणी डीसी, कोणी डिलिव्हरी चलन. सगळी नावं एकाच पानाकडं वळवा, पुनर्निर्देशन करायला अर्धा मिनिट लागतो. नाहीतर लोक दोनदा हुडकतात, मिळालं नाही की ग्रुपवर येतात.

आणि लिहायला कोणाला बसवायचं म्हणाल तर वैनींना बसवू नका. त्यांचं काम सांगायचं. शेजारी एक कॉलेजचं पोरगं बसवा, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, जीआयटीचं म्हणा की कुठलंही, वैनी बोलतील आणि ते टाइप करेल, मग वैनी वाचून 'हे असं नाही' म्हणतील. चांगली पानं अशीच होतात.

स्टोअरवाली_वैनी:
पोरगं पाठवा पण महिनाअखेरीला नको.

पॅटर्नशॉप:
एक सावधगिरी. स्क्रीनशॉट. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी कोणीतरी ट्रेनिंगच्या पानावर खऱ्या बिलाचा स्क्रीनशॉट टाकला, त्यात पार्टीचं नाव, जीएसटी नंबर आणि किलोचा रेट. उद्यमबागेत माणूस घरची भानगड सांगेल पण किलोचा रेट सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा त्याच पार्टीकडं कमी रेट घेऊन हजर. तेव्हा एक खोटी कंपनी असलेला डेमो डेटाबेस करा आणि स्क्रीनशॉट फक्त त्याचेच. चित्रं कमीच टाका तसं बघायला गेलं तर, बटण डावीकडून उजवीकडं गेलं की सगळी चित्रं परत काढावी लागतात.

आणि परवाना ठरवा आत्ताच. मजकुराला सीसी बाय-एसए लावा, एडिट करण्याच्या जागेखाली ती ओळ येऊदे. नंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हुडकून परवानगी मागत बसावं लागतं.

कॅम्प_कट्टा:
खाती उघडी ठेवलीत तर चार दिवसांत औषधांच्या आणि कॅसिनोच्या जाहिराती येतील, लिहून ठेवा.

उद्यमबाग_लेथ:
आल्यात 🙈 काल रात्रीच. मुखपृष्ठावर स्वागत आणि खाली रशियन भाषेत काहीतरी.

खानापूरची_पोर:
लॉगिनशिवाय एडिट बंद करा, लोकलसेटिंग्ज या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ आहे. मग कन्फर्मएडिट एक्स्टेन्शन टाका, त्यात क्वेस्टीकॅप्चा म्हणून प्रकार आहे, आपण आपला प्रश्न ठेवायचा. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा बॉट लोक सोडवतात, पण 'बेळगावची प्रसिद्ध मिठाई कुठली' हे रशियातल्या बॉटला कुठून कळणार. उत्तरं एकापेक्षा जास्त चालतात.

गोकाकचा_करदंट:
उत्तरात करदंट घ्या.

तिसरं_गेट:
करदंट गोकाकचा. उत्तर कुंदा. वाद चर्चापानावर.

निपाणीकर:
बॅकअपचं बोला. मीडियाविकीचा जो एक्सएमएल डंप निघतो त्यात पानं आणि इतिहास येतो, चित्रं येत नाहीत, खाती येत नाहीत. त्यामुळं डेटाबेसचा डंप वेगळा आणि चित्रांचा फोल्डर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवायचा नसतो. जेंटू लिनक्सची एक बाहेरच्या लोकांनी चालवलेली विकी होती, फार लोक वापरायचे, २००८ मध्ये तिचा डेटा गेला आणि धड बॅकअप नव्हता. लोकांनी सर्च इंजिनच्या कॅशेतून पानं गोळा केली. डेटाबेसची कटकट नको असेल तर डोकुविकी बघा, सगळं साध्या टेक्स्ट फायलींत, फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. पण ट्रान्सलेट आणि हव्या असलेल्या पानांची यादी तुम्हाला पाहिजे असेल तर मीडियाविकीच बरी, आता चढवलीच आहे.

अनगोळचा_अण्णा:
बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या कपाटात ठेवा. आमच्याकडं कुणी चोर येत नाही, नेण्यासारखं काही नाही.

उद्यमबाग_लेथ:
बरं, आत्तापर्यंत काय केलंय ते सांगतो. वैनींची यादी मुखपृष्ठावर टाकली, सगळे दुवे लाल. गिटवाल्यानं रेपोत डॉक्स म्हणून फोल्डर उघडलाय, रकाने आणि इन्स्टॉलेशन तिथं जाणार, विकीवरून त्याला दुवा. पानावर 'बघतो कोण' आणि 'तपासलं कधी' याचा साचा झाला, नाव नसेल तर पिवळी पट्टी आपोआप येते. मुदतीचं पान तिसरं गेट बघणार. खाती आता कॅप्चासह. आणि पहिलं पान, 'चलन चुकीच्या पार्टीला गेलं', मी स्वतः लिहिलंय, वाचून सांगा.

गिटवाला:
वाचलं. पहिला परिच्छेद उडव. चलन म्हणजे काय हे टेम्पो उभा असताना कोणी वाचणार नाही.

उद्यमबाग_लेथ:
उडवला.

स्टोअरवाली_वैनी:
मी पण वाचलं. चांगलं आहे, पण 'चलन रद्द करा हे बटण दाबा' असं लिहिलंय, ते बटण माझ्या लॉगिनला दिसतच नाही. आमच्याकडं ते फक्त मालकांच्या लॉगिनला आहे. मालक गावात नसले तर काय करायचं ते लिहा. आणि माल गेटच्या बाहेर गेला असेल तर रद्द करून चालत नाही, तेव्हा परतीची आवक घेऊन नवीन चलन काढावं लागतं, ते वेगळं आहे, ते यात मिसळलंय.

उद्यमबाग_लेथ:
वैनी हे आम्हाला कोडमध्ये सुद्धा लक्षात आलं नव्हतं की स्टोअरच्या लॉगिनला ते बटण नाही. बग टाकतो. पानात तुम्हीच दुरुस्त करा की, दोन ओळींचं काम आहे.

स्टोअरवाली_वैनी:
करायलाच गेले होते. खातं उघडताना मिठाई विचारली, मी मांडे लिहिलं, चूक म्हणतंय.

तिसरं_गेट:
मांडे घ्या रे उत्तरात, वैनी पानं लिहिणार आहेत.

गोकाकचा_करदंट:
आणि माझं?